शेवटच्या सीटचा दांडा

मे महिन्यातला दुसरा शनिवार, दुपारचे साडेतीन. काम एकच होतं – माझ्या चुलतभावाच्या, नितीनच्या, छोट्या रोलर कोस्टरची रिकामी फेरी घ्यायची आणि सगळं ठीक असेल तर कागदावर सही करायची. दुसऱ्या दिवशी वाडीतली पोरं त्यात बसणार होती.

मी मेकॅनिकल इंजिनीअर, वय एक्कावन्न. रत्नागिरीत घरी बसून अशा खेळण्यांची गणितं कॉम्प्युटरवर करून देते. या सदरात येणारे गूढ अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा मनात म्हणते – आधी वायरिंग तपासा! त्यामुळे हे लिहिणं मलाच जड जातंय.

कोस्टर मालगुंडच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, नितीनच्या कलमांच्या बागेला लागून. चार डबे, आठ सीट. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते, पुढे सगळं मिळालेल्या वेगावर. हलकी गाडी हवेपुढे लवकर दमते. माझं सिम्युलेशन सांगत होतं – वारा नसला तरी रिकामी गाडी दुसरा चढ पार करणार नाही. म्हणजे दोनच लहान पोरं बसली तर गाडी मागे घसरणार... आणि मागून दुसरी येत असली तर? चढ कमी कर, असं नितीनला मी आधीच सांगितलं होतं.

"ताय, तुझा कॉम्प्युटर घाबरट हाय," नितीन म्हणाला. "आमंत्रणं गेली गो सगळी!"

फेरीआधी गावच्या देवळातल्या गुरवकाकांनी नारळ ठेवून सड्याच्या राखणदाराला, जागा राखणाऱ्या देवाला, सांभाळून घे असं गाऱ्हाणं घातलं. मग मला म्हणाले, "पयली खेप त्याची. मागली सीट त्याची. मंग पोरांची."

"तिकीट काढलंय का त्याने?"

"जागा त्याची हाय. तिकीट तू काढ."

मांडीवर येणारे आठही दांडे मी स्वतः दाबले. सीट रिकामी असली की दांडा पाचव्या, म्हणजे शेवटच्या खटक्यापर्यंत खाली जातो. कागदावर आठ बरोबरच्या खुणा केल्या. नितीनने बटण दाबलं.

वारा समोरून होता. दुसऱ्या चढावर गाडी जराशी रेंगाळली... आणि पार झाली.

"कर सही!" नितीनने टाळीसाठी हात पुढे केला.

मी टाळी घेतली नाही. यंत्र गणितापेक्षा वाईट चाललं तर कारण सापडतं. बरं चाललं, तर कोणीतरी काहीतरी लपवलेलं असतं. माझा संशय सरळ नितीनवर. वजन लपवलं असणार! गोणपाट टाकून डब्यांखाली शिरले, टॉर्च मारला, गाद्या उचलल्या.

"माझ्यावर संशय घेतेस?"

"हो."

काही सापडलं नाही. मग लॅपटॉप उघडला. रुळावरच्या चार सेन्सरच्या वेळा रिकाम्या गाडीशी जुळेनात. सिम्युलेशनमध्ये शेवटच्या सीटवर साठ-पासष्ट किलो घातले – चारही जुळल्या.

परत गाडीपाशी गेले. सात दांडे पाचव्या खटक्यावर. शेवटच्या सीटचा तिसऱ्यावर. मोठा माणूस बसला की तो तिथेच अडतो. पायाखालची कळ दाबल्याशिवाय दांडा वर येत नाही, आणि नितीन व काका पूर्ण वेळ माझ्या डोळ्यांसमोर होते. दाबताना माझीच चूक झाली असेल? असेल. पण चुकीच्या दांड्याने साठ किलो वाढत नाहीत.

"बसला म्हणायचा," काका म्हणाले आणि नारळ फोडायला गेले.

मी सही केली नाही. सेन्सर नंतर दोनदा तपासून घेतले, ठीक निघाले. त्या तिसऱ्या खटक्याचं कारण माझ्याकडे आजही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच सड्यावर पोचले. दांडा तसाच, तिसऱ्यावर. कळ दाबून वर उचलला. का ते सांगता येणार नाही, पण एखाद्याला उतरायला लागतो तेवढा वेळ मी बाजूला उभी राहिले. मग आठही दांडे पाचव्यावर आणले, नितीनला एकेक मोजायला लावला, आणि गाऱ्हाणं न घालता गाडी सोडायला सांगितली. वारा अजिबात नव्हता, म्हणजे कालच्यापेक्षा सोपं.

गाडी दुसऱ्या चढावर, बरोबर सिम्युलेशनने दाखवलेल्या जागी थांबली. मागे घसरली. खोलगटात दोन-तीन हेलकावे खाऊन उभी राहिली.

मी कागदावर 'नापास' लिहिलं, चढ किती उतरवायचा तो आकडा खाली टाकला आणि वाडीत निरोप धाडला – पोरांनो, आज नाही.