रखडलेल्या बसचे मणी

आमची वहिनी प्रवासाला जायची आणि आली की माळ करायची. काचेचे, लाकडाचे, मातीचे मणी घरचेच. त्यांत वाटेत उचललेला एखादा शिंपला, कुणाचं तुटकं बटण. जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायचा आणि गेलेल्या वाटेच्या क्रमानेच ओवायचं. चढ आला की मोठे मणी, नदी आली की गुळगुळीत काच, बस रखडली की बारीक खरखरीत बिया. या माळा विकायला ठेवणारी दुकानवाली एकदा म्हणाली, "अगदी अशीच अजून एक द्या." वहिनी म्हणाली, "आणि या खेपेला बस वेळेवर आली तर?"

दुकानात जाण्याआधी माळ दादाच्या हातात. दादा म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा. डोळे गेल्यापासून तो बोटांनीच फिरायचा. "इथे घाट लागला वाटतं. अगं, इथे किती ताटकळलीस!" मी चिडवायचे, "झाली का फुकटची सहल?"

मग एकदा ती गावाला गेलेली असताना दादाने उकळतं पाणी पायावर सांडून घेतलं. मी होते म्हणून निभावलं. पण वहिनीने धसकाच घेतला, जायचं नाव काढेना. दादा मागेच लागला, "जा गं बाई, समुद्र बघून ये." शेवटी ती बॅग घेऊन निघाली आणि दोन गल्ल्या सोडून माझ्या घरी येऊन बसली!

"ह्यांना कळू देऊ नका, वन्सं."

मी कपाळावर हात मारला. मी दादाला डबा देऊन परतले की ही दारातच उभी. "जेवले का? पडले-बिडले नाहीत ना?" उरलेला वेळ माझ्या गॅलरीत बसून तिने समुद्र ओवला. निळ्यातून हिरवा, हिरव्यातून पांढरा. इतकी देखणी माळ तिने कधी केली नव्हती.

'परत आल्यावर' तिने ती दादाला दिली. त्याची बोटं एकदा फिरली, मग पुन्हा फिरली.

"सुरेख आहे," दादा म्हणाला. "पण बस कुठेच रखडली नाही? कुठे वाट चुकली नाहीस? तू गेलीच नव्हतीस ना?"

मी मध्ये पडले, "अरे, एखाद्या वेळी सगळं सुरळीत..."

"तू बोलूच नकोस. हिच्या कपड्यांना तुझ्या घरच्या साबणाचा वास येतोय."



"अहो, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?" वहिनी रडायला लागली.

"माझे डोळे गेले ते गेले," तो म्हणाला. "तुझ्या डोळ्यांनी बघत होतो. तेही तू मिटून बसलीस." आणि तोही रडला. डोळे गेले तेव्हासुद्धा रडला नव्हता हा माणूस. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

वहिनीने त्या माळेचा दोरा कापला, मणी डब्यात ओतले. पुढच्या महिन्यात दोघं मिळून निघाली. मी नको नको म्हणत होते, पण माझं ऐकतंय कोण!

परत आल्यावर ओवायला दादा बसला. दुकानवालीने माळ उलटसुलट करून बघितली. जवळजवळ सगळ्या खरखरीत बिया, मध्ये कुठेतरी काचेचा एक मणी. "ही कोण घेणार हो?"

त्यांची बस चुकली होती. अख्खा दिवस दोघं स्टँडवरच्या बाकावर गप्पा मारत बसली होती, समुद्र जेमतेम पाहिला. माळ वहिनीच्या मानेला टोचते. रोज कुरकुरते, पण काढत नाही.