बेळगावची टाचणी

आमच्याकडे पाहुणे आले आणि चहा झाला, की मुलं हळूच दार गाठतात. आता बाबा ती गोष्ट काढणार, हे त्यांना पाठ झालंय. बायको तेवढी बसून राहते, कारण मी कुठे मीठ जास्त टाकतो त्यावर तिला लक्ष ठेवायचं असतं. म्हणून यंदा लिहूनच टाकतोय. कुणाला उठून जायला नको.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बेळगाव सोडून मी बंगळूरला आलो होतो. बनशंकरीत दोन खोल्या होत्या आणि जयनगरच्या एका ऑफिसात नोकरी. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की यंत्रात बोलायचे. ते बोलणं आमच्याकडे यायचं, आणि आम्ही कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने आवाज मागेपुढे करत ते टाइप करायचो.

आमचा सुपरवायझर पुण्याचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याने भिंतीवर भारताचा नकाशा लावला होता. नवा माणूस आला की त्याला इंग्रजी परिच्छेद वाचायला द्यायचा, तो टेप करायचा आणि शनिवारी सगळ्यांसमोर लावायचा. लोकांनी गाव ओळखायचं, मग त्या गावावर टाचणी. इतरांची टेप एकदा वाजायची. माझी त्याने तीनदा लावली.

"ऐका," तो म्हणाला, "हे इंग्लिश नाहीये, एसटी स्टँडवर गाडी लागल्याची अनाउन्समेंट आहे."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. माणूस अशा वेळी दुसरं काय करणार? बेळगाववर लाल टाचणी बसली आणि त्या दिवसापासून माझं नावही बेळगाव झालं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिचं माहेर मल्लेश्वरमचं, तीन पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घर. तिने विचारलं, मग तुम्ही काय केलंत? हसलो, म्हटलं. "सरी," ती म्हणाली, म्हणजे कानडीतलं 'बरं', आणि भात वाढला. टेपपेक्षा तो 'सरी' जास्त झोंबला.

भांडण मला जमत नाही. आवाज चढवला की मलाच खोकला येतो. तेव्हा मी दुसरं काम हाती घेतलं. शालेय वस्तूंच्या दुकानातून अमेरिकेचा नकाशा आणला, ऑफिसात लावला आणि रोज ऐकलेल्या डॉक्टरांच्या टाचण्या, नावाच्या चिठ्ठीसकट, त्यावर लावू लागलो. शब्दाच्या शेवटचा 'र' गिळणारे ईशान्येच्या कोपऱ्यात, 'राइट'ला 'राऽट' म्हणणारे खाली दक्षिणेत. हॉस्पिटलचा पत्ता कागदावर असायचा, पण मी कानावर जास्त विश्वास ठेवायचो. सहा-सात महिन्यांत नकाशा भरला. नवी मुलंमुली एखाद्या डॉक्टरपाशी अडली, की आधी त्या नकाशासमोर येऊन उभी राहायची. सकाळी कुणाला कुठला डॉक्टर द्यायचा, ती वाटणीही माझ्याकडे आली.

मग कळलं, महिन्याभराने अमेरिकेहून पाहुणे येणार, आणि हा नकाशा त्यांना दाखवणार. मी नवा शर्ट शिवायला टाकला. सुपरवायझरने मला बोलावलं.

"मॅप मी प्रेझेंट करतो," तो म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी मागच्या रूममध्ये बसा. पर्सनल घेऊ नका, पण फर्स्ट इम्प्रेशन व्हॉइसचंच असतं ना, बेळगाव."

मला पगारवाढ नको होती. त्या नकाशाशेजारी उभं राहून, माझ्या तोंडाने, तो मी केलाय एवढं सांगायचं होतं. तेवढंही तो मला देणार नव्हता.

आता त्याची एक गोष्ट माझ्या केव्हाच ध्यानात आली होती. आमचं टायपिंग तो तपासायचा, म्हणजे दिवसभर त्याच्याही कानात डॉक्टर. सकाळी ज्या डॉक्टरचं तपासलं, संध्याकाळी तो तसाच बोलायचा. आपण अमेरिकन बोलतो अशी त्याची समजूत. अमेरिका म्हणजे त्याच्या लेखी एकच पेठ होती.

दक्षिणेकडचे एक वयस्क डॉक्टर होते. त्यांचं वाक्य तळ्यातून निघालेल्या म्हशीसारखं सावकाश, डुलत बाहेर यायचं. महिनाभर मी ते डॉक्टर आणि त्यांच्या आसपासचे सगळे डॉक्टर तपासायला सुपरवायझरच्या वाट्याला घातले. हे फार अवघड आहेत सर, तुमच्याशिवाय कुणाला उलगडत नाहीत, असं रोज सांगत राहिलो. तो खूश. दुसऱ्या आठवड्यात त्याचे स्वर लांबले. तिसऱ्यात तो रिक्षावाल्याशीही तसाच बोलू लागला.

एक हिशोब मात्र चुकला. निवड करायला त्या फाइली आधी मलाच ऐकाव्या लागायच्या. एकदा जेवताना बायको म्हणाली, "अहो, भात हवा की नको ते एका दमात सांगा. स्वल्प लवकर."

पाहुणे आले. मी मागच्या खोलीत बसलो आणि दार बोटभर उघडं ठेवलं. तिघं होते. त्यांच्यातल्या प्रमुख बाई पन्नाशीच्या, बोलणं स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं. सुपरवायझरने स्वागत सुरू केलं. दोन वाक्यं झाली आणि बाईंचं हसू मावळलं. हे बोलणं कुठे शिकलात, त्यांनी विचारलं. तो म्हणाला, नॅचरल आहे मॅडम, माझा कान चांगला आहे.

त्या हळू आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "मी दक्षिणेतलीच आहे. कॉलेजात मुली माझी अशीच नक्कल करायच्या. तुम्हीही करताय का?"

तो सारवासारव करू लागला आणि जितका घाबरला तितके त्याचे स्वर लांबत गेले. खरं सांगायचं तर बाईंचा चेहरा मला दारातून दिसत होता. मी नेम त्याच्यावर धरला होता, ओरखडा त्यांना बसला. ही बाब मी पाहुण्यांना सांगत नाही, म्हणून इथे लिहितोय.

बाई नकाशाकडे वळल्या. एका टाचणीवर त्यांनी बोट ठेवलं. या डॉक्टरांचं हॉस्पिटल तर वर शिकागोत आहे, मग टाचणी दक्षिणेत का? सुपरवायझरने नकाशाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, शेवटी माझ्या दाराकडे पाहिलं.

"बेळगाव," तो म्हणाला, "जरा येता का?"

मी गेलो, माझ्या एसटी स्टँडच्या इंग्रजीत. एकेक 'ट' फरशीवर खिळा पडावा तसा. डॉक्टर शिकागोत राहतात, पण दमले की दक्षिणेचे होतात, दिवसाच्या शेवटच्या फाइली ऐका, असं सांगितलं. बाईंनी अर्धा तास प्रश्न विचारले. त्यांना माझं सगळं समजलं. एकदाच पुन्हा सांगायला लावलं. बरं, दोनदा.

नव्या लोकांना शिकवायचं काम पुढच्या महिन्यात माझ्याकडे आलं. इथे गोष्ट संपवा, असं बायको म्हणते. पण पुढचा शनिवार राहिलाच.

त्या शनिवारी मी सगळ्यांसमोर म्हटलं, सर, इथे प्रत्येकाची टाचणी आहे, तुमचीच नाही. परिच्छेद पुढे ठेवला. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं, पद्धत त्यानेच पाडलेली. त्याने वाचलं, स्वर अजून लांबलेलेच. मी टेप लावली. कुणीतरी गाव ओळखलं, आणि भारताचा नकाशा सोडून मी अमेरिकेच्या नकाशावर, अगदी खाली, लाल टाचणी टोचली.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने तो हसला.

ते हसू माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. तसं हसलेला माणूस घरी जाऊन कसा जेवतो, तेही मला माहीत होतं. मी टेप मागे घेतली आणि दुसऱ्यांदा लावली. मग तिसऱ्यांदा.