चवीची ग्वाही

जुन्या शहराच्या वेशीपाशी सकाळी नऊला पाहुणे गोळा होत आणि वाटाड्या त्यांना पायी घेऊन निघे. तटबंदी, तांबटांची गल्ली, बुजलेली विहीर, नदीकडे उतरणाऱ्या झिजलेल्या पायऱ्या. आणि वाटेत चार ठिकाणी खाणे. शहर डोळ्यांना निम्मेच कळते, उरलेले जिभेला, असे तो सांगे. एकवीस वर्षांत त्याने एकही सन ठोकून दिला नव्हता. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणून सांगायचे, हा त्याचा बाणा.

या चार दुकानांत एक रीत होती. पाहुणे बसण्यापूर्वी पहिला घास वाटाड्याने उभ्याने खायचा. त्याने मान डोलावली तरच ताटे मांडायची. पूर्वी एकदा शिळ्या माशाने पाहुणे आजारी पडले, तेव्हा दुकानदारांनी आपणहून ही रीत घालून घेतली होती. त्यानंतर त्याची मान दोनदाच आडवी हलली, आणि दोन्ही वेळा मालकाने हुज्जत न घालता अख्खे पातेले मोरीत ओतले. माणसे कायद्यापेक्षा अशा एखाद्या शब्दावर अधिक विसंबतात. तो शब्द तपासून पाहण्याची सोय मात्र कुणी करून ठेवत नाही.

हिवाळ्याच्या अखेरीस त्याला ताप आला. उतरला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. परत येईल, कदाचित येणारही नाही, असे डॉक्टर म्हणाले. हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होते.

“एवढं तोंड पाडायला काय झालं?” ती म्हणाली. “चाखायची जीभ गेली, बोलायची शाबूत आहे. जायचीच होती तर ती आधी गेली असती, मला तरी सुख लागलं असतं.” मग जरा थांबून तिने विचारले, “दुकानदारांना सांगितलंत?”

“सांगतो.”

आज सांगू, उद्या सांगू, यात तीन महिने गेले. वाफ, दाटपणा, रांधणाऱ्याचा चेहरा यांवरून तो अंदाज बांधी आणि मान डोलावी. निभावत होते. निभावते, हेच अशा गोष्टींत वाईट.

त्या दिवशी अकरा पाहुणे होते. तिसरा थांबा वहिनींच्या खानावळीचा. वहिनी म्हणजे त्याच्या दिवंगत मित्राच्या पत्नी. मटारच्या कढणात त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. सकाळी त्यांनी कढणात मीठ घातले आणि त्या बाजारात गेल्या. सुनेने ‘राहिलं असेल’ म्हणून पुन्हा घातले. चाखले दोघींनीही नाही. चाखायला वाटाड्या येणारच होता.

त्याने चमचा तोंडात घातला. दाट, गरम. मान डोलावली.

पाहुणे खाऊ लागले आणि एकाएकी गप्प झाले. पाण्याचे पेले भराभर रिकामे होऊ लागले. त्यांच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने वाटाड्याच्या शांत चेहऱ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने पुढचा चमचा गिळला. शेवटी तिने आदराने विचारले, “इथे पूर्वीपासून इतकं खारं खातात का हो?”

‘थांबा, काहीतरी चुकलंय,’ असे म्हणायला तेवढा एक क्षण होता.

“तर काय!” तो म्हणाला. “मागची ती लांबट इमारत पाहिलीत ना? मिठाचं कोठार. नदीतून मिठाचे पडाव यायचे. हमाल दिवसभर घाम गाळायचे, त्यांना खारंच लागायचं. तीच चव पुढे राहिली.”

शिक्षिकेने वही काढून लिहून घेतले. बाकीचे आता मोठ्या श्रद्धेने खाऊ लागले.

बाजारातून परतलेल्या वहिनी दारातच थबकल्या होत्या. आत जाऊन त्यांनी पळीभर कढण तोंडात घेतले आणि मोरीत थुंकून टाकले.

“भावोजी, जरा आत या.”

तो आत गेला.

“कधीपासून?”

“तापापासून.”

“तीन महिने! तुमची मान हलली की मी निर्धास्त. इतके दिवस कुणाच्या भरवशावर वाढत होते मी? आणि ते कोठार कुठून काढलंत? माझ्या सासऱ्यांनी तिथे घोड्यांना चारा घातलाय. तबेला होता तो!”

“हो. तबेलाच.”

वहिनींनी पातेल्यावर झाकण ठेवले. त्यांचा आवाज उतरला. “मी बाहेर जाऊन सांगते, मीठ माझ्या हातून जास्त पडलं म्हणून. ते खोटंही नाही. तुमचं नाव यायला नको. या वयात दुसरं काय करणार आहात तुम्ही?”

त्याने क्षणभर चुलीच्या कडेला हात टेकला. मीठ वहिनींच्या पदरी घालता आले असते. पण कोठार वहीत गेले होते. ती वही बाईंच्या गावी जाईल, कुणाला वाचून दाखवली जाईल, आणि ज्यांनी तिथे घोडे राखले त्यांची सगळी हयात त्या मिठात विरून जाईल. जीभ गेली यात त्याचा दोष नव्हता. शहराविषयी खोटे बोलायला मात्र तापाने सांगितले नव्हते.

“तुम्ही थांबा, वहिनी,” तो म्हणाला आणि बाहेर आला.

“बाई, ते खोडा. तिथे घोडे बांधत. कोठार मी आत्ता रचलं.” मग त्याने चवीचेही सांगितले.

शिक्षिकेने पेन्सिलीने एक रेघ ओढली.

“मग आधीच्या दोन ठिकाणी?”

“तिथेही चाखलं नव्हतं. नुसतंच गिळलं.”

“आणि विहिरीचं? तटाचं?”

“ते खरं आहे.”

“ते आम्ही कशावरून मानायचं?”

ती रागाने विचारत नव्हती. तो पायऱ्यांकडे वळला.

चौथे दुकान पायऱ्यांच्या खाली, मासे तळणाऱ्याचे. त्याने नेहमीप्रमाणे बशी पुढे केली. वाटाड्याने हात मागे बांधले. मासेवाल्याचा चेहरा पडला. त्याने तळलेल्या माशांची परात उचलली आणि टाकायला निघाला.

“अरे, थांब! मासा वाईट नाही.”

“मग?”

“वाईट की चांगला, मला कळतच नाही. तीन महिने झाले.”

“थट्टा करता का, दादा?”

“नाही.”

मासेवाला अकरा जणांकडे पाहत राहिला. मग त्याने परात खाली ठेवली, एक तुकडा मोडला आणि डोळे मिटून सावकाश चावला. स्वतःचा मासा इतका लक्ष देऊन त्याने कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता.

“मासा ताजा आहे,” तो अखेर म्हणाला. “तेल मात्र जुनं झालंय. कधीचं झालंय, कुणास ठाऊक. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी...”

फडक्याने कढईचे दोन्ही कान धरून त्याने ती चुलीवरून खाली उतरवली.