सुतळीखालची तार

सोमवारी मुंबईचे साहेब चौकशीला येणार, असा लवूशेठचा निरोप आला. विमान का पडलं ते साहेब लिहून नेणार होते. म्हणजे चूक ह्यांची होती की नव्हती, ते कागदावर ठरणार होतं. निरोप घेऊन आलेल्या धाकूला मी चहा दिला, तो गेल्यावर कप विसळून पालथा घातला. शेजारची आनंदीबाई म्हणाली, “दमयंतीचं काळीज दगडाचं गो बाय.” असेल. हे जाऊन पंधरा दिवस होत आले होते आणि मला काहीच होत नव्हतं. बोटाला सुई टोचली तरी कळत नव्हती, तर रडू कुठून आणू?

नवऱ्याचं नाव बायकोने घेऊ नये म्हणतात. एकवीस वर्षं नाही घेतलं, काय मोठं भलं झालं? भिकाजी गोविंद भाटकर. पावसच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे आमचं घर. अठराव्या वर्षी बोटीवर गेले ते इंजिनखान्यातच राहिले. वर डेकवर समुद्र बघायला जाणारे दुसरे, हे खाली तेलात. चौऱ्यांशी साली कायमचे घरी आले तेव्हा डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. मी ओरडून बोलायचे. तशी मी आधीही ओरडूनच बोलायचे, म्हणून ह्यांना फरक पडला नाही.

लवूशेठ म्हणजे इथला बर्फाच्या कारखान्याचा मालक, आंब्याच्या बागा वेगळ्या. हौसेला मोल नाही म्हणतात ते त्याच्याकडे बघून. पंच्याऐंशी साली त्याने विमान आणलं. अगदी लहान, दोन माणसांचं. नळ्यांचा सांगाडा, वर कापड, पाठीमागे दोन सिलिंडरचं इंजिन, आणि सगळं एकमेकांना धरून ठेवायला तारा. वरच्या सड्यावर, माथ्यावरच्या उघड्या माळावर, कातळ सपाट करून त्याने धावपट्टी केली, कडेला पत्र्याची शेड बांधली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, “अहो, ह्याच्यावर पापड तरी वाळत घालता येतील का?” हे इतके हसले की खोकला लागला.

शेठने ह्यांना इंजिन शिकायला पुण्याकडे दोन महिने पाठवलं. हे उडवायलाही शिकून आले. शेठ स्वतः एकदा वर गेला, खाली उतरल्यावर ओकला, आणि त्यानंतर शेडच्या सावलीत खुर्ची टाकून “भिकाजी, जरा आणखी वर घ्या!” करायला लागला. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. विमान शेठचं, पण संसार ह्यांनी केला त्याच्याशी. पेट्रोल फडक्यातून गाळून घ्यायचं, तेल मापून मिसळायचं, प्लग काढून घासायचे, पंख्याच्या पात्यावर चीर आहे का ते नखाने बघायचं. आणि तारा. माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत जायचे. तारेचा एक धागा जरी तुटलेला असला तरी चिंधी अडकते. मग एका वहीत लिहायचे, ‘तारा पाहिल्या.’ आणि खाली सही. मी म्हणायचे, “करून करून भागला नि देवपूजेला लागला!” हे ऐकू न आल्यासारखं करायचे. चांगल्या कानाने.

विमान घरावरून गेलं की हात करायची सोय नव्हती, दोन्ही हात कामात. म्हणून इंजिनाचा आवाज जरा कमी करायचे आणि परत वाढवायचे. तेवढंच. मी वर बघायचेही नाही. चारचौघांत नवऱ्याकडे तोंड वर करून बघत कोण उभं राहील?

सत्त्याऐंशीच्या एप्रिलात तारा बदलल्या. परदेशी तारा, मिळायलाच सात महिने लागलेले. हे त्या जपायला लागले. म्हणाले, “अगो, खारा वारा ह्या पण खाणार. टोकांकडे आधी धरतो गंज.”

माझं माहेर मिऱ्याचं. माझा बाप मासेमारीची होडी बाळगून होता. आमच्याकडे होडीची तार कधी कोणी उघडी ठेवलेली मी बघितली नाही. तारेच्या टोकाला सुतळी घट्ट गुंडाळायची, वरून डांबर, की खारं पाणी आत शिरत नाही आणि हाताला कुसळंही लागत नाहीत. बाप ते काम मलाच द्यायचा, कारण माझा हात घट्ट. मी ह्यांना म्हटलं, “त्यात काय मोठंसं? मी बांधून देते.”

हे घुटमळले. “त्या विमानाच्या पुस्तकात तारा उघड्या ठेवायला सांगितल्यात.”

“पुस्तक लिहिणाऱ्याने खारा वारा बघितलाय का कधी?”

ते ह्यांना पटलं. बोटीवरही तारांना तसंच करायचे, ते ह्यांनी आयुष्यभर बघितलेलं. मी सड्यावर जाऊन तीन दुपारी बसले आणि आठ तारांची टोकं बांधली. शेवटची गाठ अशी मारली की बाहेरून दिसूही नये. ह्यांनी बोट फिरवून बघितलं. “काय काम आहे!” म्हणाले. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. स्वयंपाकाला कधी असं म्हणाले नव्हते. मी तीन दिवस हवेत होते, विमानाशिवाय.

पावसाळाभर विमान शेडमध्ये. दसऱ्याला शेड उघडली, इंजिनाला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. पूजा झाल्यावर हे खिशातून चाकू काढून तारेपाशी गेले. म्हणाले, “बांधणी एकदा सोडून बघतो. आत कशी आहे ती.”

माझं डोकंच फिरलं. शेठ होता, शेठची बायको कमळा होती, चार गडीमाणसं होती. त्या सगळ्यांसमोर माझ्या कामावर चाकू? आमच्या माहेरी एकाने बांधलेली गाठ दुसरा सोडत नाही. सोडली, म्हणजे त्याने बांधणाऱ्याचा हात वाईट ठरवला. माझ्या बापाने ह्याच्यावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. मी म्हटलं, “एवढा भरवसा नसेल तर बांधून कशाला घेतलंत? सोडा, सगळी सोडा. पण परत मी हात लावायची नाही.”

ह्यांनी चाकू मिटला. “राहू दे,” म्हणाले. चिंधी घेतली आणि तारा पुसल्या. सुतळीवरून चिंधी सरसर गेली, कुठे अडकली नाही.

त्यानंतर दर रविवारी विमान वर जायचं. दिवाळी झाली. पाचव्या रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला मी भाकऱ्या करत होते. आवाज आला, घराच्या वर आला, आणि कमी झाला. मी मनात म्हटलं, आले. भाकरी उलटली. आवाज परत वाढला नाही. भाकरी फुगली, ती मी काढून टोपलीत ठेवली, आणि दुसरी थापायला घेतली. ती अर्धी थापून झाल्यावर वरून माणसं ओरडायला लागली.

सोमवारी साहेब आले. पडवीत बसले, पाणी घेतलं. भला माणूस होता, उगाच हळहळला नाही. पिशवीतून त्याने तार काढली. तुटलेल्या टोकावर माझी सुतळी तशीच होती, साहेबांनी एका बाजूने कापलेली. आत तार नव्हतीच म्हणायची, तांबडा भुसा होता. “वरून ओल आत गेली आणि आतच राहिली,” साहेब म्हणाले. “वारा लागला असता तर वाळली असती. उघडी असती तर दिसली तरी असती. हे कोणी बांधलं?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बाई, त्यांना वाचवायला म्हणून काही सांगू नका.”

“आणखी एक टोक आहे ना पिशवीत? द्या इकडे.” ते टोक घेऊन मी आत दडवलेली गाठ नखाने शोधली आणि सोडली. वेळ लागला, घट्ट होती. साहेब बघत राहिले. ती तारही आतून तांबडी होती.

मग त्यांनी वही पुढे केली. ह्यांचीच वही. “हे बघा. बांधलं तुम्ही, पण जबाबदारी सही करणाऱ्याची. त्यांना माहीत होतं, उघडून बघायला हवं. दसऱ्याला लिहिलंय, ‘बांधणी सोडून पाहणे राहिले.’ पुढच्या रविवारी परत, ‘राहिले.’ त्याच्या पुढच्या रविवारी, ‘राहिले.’ सहा वेळा. याला निष्काळजीपणाच म्हणतात. एवढा जुना माणूस, पाच आठवडे एक सुतळी सोडायचा कंटाळा?”

“कंटाळा नव्हता,” मी म्हटलं. “मी सोडू दिली नाही. दसऱ्याला सगळ्यांसमोर बोलले मी त्यांना. शेठला विचारा. लिहा हे.”

साहेबांनी पेन हातात धरलं, पण लिहिलं नाही. “बायको रागावेल म्हणून तपासणी केली नाही, असं लिहू? त्याने त्यांचं नाव चांगलं होणार आहे का?”

नव्हतं होणार. मलाही ते कळत होतं.

साहेब गेल्यावर वही पडवीतच राहिली होती. साहेबांनी हवी ती पानं उतरवून घेतली होती. मी ती उघडून बसले. ‘राहिले’, सहाही वेळा एकाच अक्षरात, खाली सही. का राहिले, कोणामुळे राहिले, काही नाही. पंधरा दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी झालं, आणि तो राग होता. साहेबांचा नाही, ह्यांचा. मी एवढ्या मोठ्याने ओरडले वहीवर की आनंदीबाई धावत आली.

“भिकाजी,” मी म्हटलं, “मी नव्हते तुमचं नाव घेत, ती रीत होती. तुम्हाला कसली रीत होती? एकदा तरी माझं नाव लिहायचं होतंत.”