एका हाताचा सोफा

आमच्या शिरूरच्या घरात सोफा आला तो आईच्या गुडघ्यासाठी. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. आई राहू या गावी असायची. जन्मभर दुसऱ्याच्या उसात आणि कांद्यात वाकून तिनं आम्हाला शिकवलं. मी घरातली पहिली पदवीधर झाले, शिक्षिका झाले, आणि तोवर तिचा उजवा गुडघा गेला. तिला जमिनीवर बसता येईना. खुर्चीवर बसवलं तर पाय लोंबकळून सुजायचे. पाय लांब करून बसायचं आणि महिनाभर शिरूरच्या दवाखान्यात शेक घ्यायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेक अर्धवट सोडला तर गुडघा कायमचा आखडेल, हेही बजावलं.

म्हणून तिला माझ्याकडे आणलं. आतल्या खोलीत पलंग होता, पण तिथं एकटीनं पडून राहायचं तिच्या जिवावर यायचं. राहूला ती अंगणातल्या बाजेवर पाय पसरून बसे, आल्यागेल्याशी बोले. इथं दोन दिवसांतच तिनं सुरू केलं, "बाय, मला यष्टीत बसवून दे. मी काय आजारी हाय का, कोनाड्यात ठेवल्यासारखी?"

बाहेरच्या खोलीत बाज टाकणं शहरात बरं दिसेना. मी आणि माझे यजमान आरामखुर्ची बघायला बाजारपेठेतल्या फर्निचरच्या दुकानात गेलो. तिथं एका कोपऱ्यात तो होता. एका टोकाला पाठ, एकाच बाजूला हात, आणि पुढं नुसती लांबच लांब गादी.

"हा मोडलाय का?" मी विचारलं.

दुकानदार हसला. "मोडला न्हाई मॅडम, असाच येतो. पुण्यात फ्लॅटवाल्यांनी मागवला व्हता, त्यांच्या जिन्यातनं वर जाईना. हिकडं टेकायचं, तिकडं पाय सोडायचे."

"म्हणजे यावर बसायचं की झोपायचं?"

"मधलं," तो म्हणाला.

हे 'मधलं' माझ्या डोक्यात घुमत राहिलं. आमच्याकडे माणूस एक तर बसलेला असतो, नाहीतर आडवा झालेला. चारचौघांत बसायचं, आडवं व्हायचं ते आत. ज्यांनी ही मधली वस्तू काढली ते लोक दिवसा कसे वागत असतील? तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या शाळेत एक जाड इंग्रजी कोश होता. त्यात चित्रासकट सापडलं : शेज लाँग. फ्रेंच शब्द, अर्थ लांब खुर्ची. चित्रातली बाई पायात बूट घालून त्यावर रेलली होती आणि समोर पाहुणे उभे होते. मला फार नवल वाटलं.

आम्ही तो घेतला. रेक्झिन उन्हाळ्यात चिकटतं म्हणून विटकरी कापड चढवून घेतलं. आईला उतरताना पाय टेकावेत म्हणून सोफ्याचे लाकडी पाय थोडे कापायला लावले. दुकानदारानं एक छापील चित्र दिलं होतं. त्यात लांब सोफा भिंतीला लावलेला, पाय पसरायच्या टोकाशी एक खुर्ची, मधे छोटा टीपॉय. आम्ही हुबेहूब तसंच मांडलं. यजमानांची वेताची खुर्ची पायाच्या टोकाशी गेली.

आई सोफ्याभोवती फिरली. "एकच हात? दुसरा इसरला व्हय सुतार?" मग काठावर टेकली, पाहुण्याच्या घरी टेकतात तशी. पाय खाली.

"आई, वर घे पाय."

"घेते की. काय घाई हाय?"

त्या आठवड्यात सकाळी मी शाळेत जाईपर्यंत आई छान पाय पसरून बसलेली असे. संध्याकाळी परत यावं तर पाय खाली, सुजलेले. मला वाटलं, दिवसभर बसून कंटाळत असेल. मी पाठीशी एक उशी वाढवली. मग वाटलं, संध्याकाळी गार लागत असेल. गादीवर तिनंच शिवलेली गोधडी अंथरली. पुढच्या आठवड्यात सगळं उलटं झालं. सकाळी पाय खाली, संध्याकाळी पसरलेले. आता थंडी सकाळी वाजायला लागली की काय? मी उशी काढली, पुन्हा ठेवली. टीपॉय सरकवला. आई मधूनच विचारी, "सकाळची यष्टी किती वाजता असती गं?"

शाळेतल्या मुलांना मी विज्ञान शिकवायचे. एकदा एसटीत उभ्याउभ्या विचार करत होते, की या घरात आठवड्याला उलटं होणारं दुसरं काय आहे? आणि लक्षात आलं. यजमानांची कारखान्यातली पाळी! पहिल्या पाळीला ते सकाळी नसत, दुसऱ्या पाळीला संध्याकाळी.

घरी आल्यावर चहा देता देता मी विचारलं, "आई, जावईपाव्हणं घरात असले की तू पाय खाली सोडतेस ना?"

"मग? त्यांच्या तोंडावर पाय करू?" ती चिडलीच. "समोर खुर्ची मांडलीस त्यांची, आन् मला म्हन्ती पाय पसर. जावई हाय त्यो. येक तर लेकीच्या घरात ऱ्हायाचं, वर सासूनं पाय दाखवायचे?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. यजमानांना सांगितलं. ते सरळ माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यापुढं जाऊन म्हणाले, "मामी, मला काही वाटत नाही. खुशाल पसरा पाय." झालं! आई उठून आतल्या खोलीत गेली ती जेवायलाच बाहेर आली. मग त्यांनी दुसरी युक्ती काढली. आपण सोफ्याच्याच टोकाला बसू, म्हणजे पाय समोर येणार नाहीत.

"पाव्हण्यांसंगं एका गादीवर?" आई मला म्हणाली. "त्यापरीस उद्याच जाते मी राहूला."

मी विचारलं, "आणि पाठ केली तर चालंल का त्यांच्याकडं?"

आईनं जरा विचार केला. "पाठ चालती. पाय न्हाई."

रविवारी आम्ही दोघांनी मिळून सोफा भिंतीपासून ओढून फिरवला. पाय खिडकीकडे, पाठ खोलीकडे. तेव्हा कळलं की मागच्या बाजूला विटकरी कापड नाहीच. पाठ भिंतीला लागणार म्हणून काळं भरड फडकं ठोकलेलं. गादीवरची गोधडी काढून पाठीवर टाकली, ती खालपर्यंत लोंबली. वेताची खुर्ची सोफ्याच्या मागे, दाराजवळ आली. चित्रातल्या मांडणीचं काही उरलं नाही. शेजारच्या वहिनी दारातच थबकल्या, "अगंबाई, सोफा रुसला का काय तुमच्यावर?"

"रुसला न्हाई," आतून आई म्हणाली, "रस्ता बघतोय."

खिडकीतून रस्ता दिसायचा, कोपऱ्यावर वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीप भरायच्या. आई एकेक माणूस मोजत बसे. सोमवारी तिसऱ्या प्रहरी यजमान पहिल्या पाळीवरून आले. शाळेला सुट्टी होती, मी ओट्याशी होते. दाराशी बूट काढल्याचा आवाज झाला तसा आईचा हात पदराकडे गेला. मी बघत राहिले. गुडघा जरा हलला, आणि पुन्हा सरळ झाला.

"मामी, चहा घेणार का?" यजमानांनी खुर्चीवर बसत मागून विचारलं.

"घेते की." ती खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "पाव्हणं, त्या जीपमधी पंधरा मान्सं झाली, अजून भरतोयच त्यो. पाटीवाल्या म्हातारीला कुठं बसवनार, बघा तरी."

ते उठून तिच्या पाठीमागे आले आणि गोधडीवर हात टेकून बाहेर बघायला लागले. "टपावर बसवतील," ते म्हणाले.

"टपावर? म्हातारीला?" आई हसली. "न्हाई वो. डायवरला उठवंल ती."

मी तीन कप चहा गाळला.