होती तशी भिंत

विल्फ सग्डेन पंधराव्या वर्षी गिलाव्याच्या कामाला लागला. त्यानंतर एकोणपन्नास वर्षं इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समधल्या भिंतींशीच त्याची गाठ. आता उजवा खांदा झिजला होता. उंचावर थापी चालवताना तो डाव्या हाताने उजवं कोपर धरायचा. असं काम हळू होतं, आणि मुकादम क्लाइव्हला ते दिसत होतं.

त्या वर्षी नगरपालिका आपल्या जुन्या घरांच्या वायरी बदलत होती. वायरमनने खाचा खोदल्या की गिलावेवाल्याने 'मेक गुड' करायचं, असं करारात होतं. सगळ्या करारांत हे शब्द असतात. जे फोडलं ते पूर्ववत करून द्यायचं, हा त्यांचा अर्थ. क्लाइव्हच्या लेखी पूर्ववत म्हणजे बुजवलेलं. खाचेमागे एक तास.

तिथल्या भाडेकरू मिसेस ग्रीनवुड यांच्या बैठकीच्या खोलीत विल्फने एका खाचेला चार तास घातले.

"आजोबा, राजवाडा बांधताय का?" क्लाइव्हने विचारलं.

"भिंत मधे खोल गेलीय. तशीच भरतोय."

"दुपारी नगरपालिकेचे लमसाहेब काम तपासायला येतायत. नापास झालात, तर शुक्रवारी हत्यारं घेऊन घरी."

"चहा देते हं, विल्फ," मिसेस ग्रीनवुड म्हणाल्या. "तुला नाही रे, क्लाइव्ह."

लम आले. त्यांनी सरळ पट्टी भरलेल्या खाचेवर आडवी धरली. मधल्या फटीत बोट गेलं.

"सपाट नाही."

"मी सांगतच होतो," क्लाइव्ह म्हणाला.

विल्फने पट्टी मागून घेतली आणि हातभर वर, जुन्या भिंतीवर धरली. तिथेही तेवढीच फट.

"सपाट केली असती तर रंग दिल्यावरही ठिगळ दिसलं असतं. सपाट करा असं करारात नाही, साहेब. होती तशी करा असं आहे."

लमनी डोळे मिटून भिंतीवरून तळवा फिरवला. ओला भाग गार लागला. कड कुठेच लागली नाही. त्यांनी सही केली आणि विचारलं, "चौदा नंबरचं घर कोणी केलं?"

"दुसऱ्यांनी," क्लाइव्ह म्हणाला.

तिथल्या तिन्ही खाचा सपाट भरल्या होत्या, भिंती मात्र सपाट नव्हत्या; लमच्या तळव्याला कड लागली. तिन्ही नापास झाल्या.

संध्याकाळी क्लाइव्ह म्हणाला, "विल्फ, उद्या चौदा नंबरला जा. आठ तासांत होईल?"

"बारा."

"दहा."

"बारा," विल्फ थापी धूत म्हणाला.

क्लाइव्ह मान डोलावून निघून गेला. शुक्रवारचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.