खालच्या पायरीवरची मेणबत्ती

बत्तीस वर्षं मी आठवीच्या वर्गाला एकच जादू दाखवली. संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल टाकायचं, निघणारा वायू चंचुपात्रात धरायचा आणि ते रिकामं दिसणारं पात्र जळत्या मेणबत्तीवर ओतायचं. ज्योत गपकन मरायची. “हा वायू हवेपेक्षा जड. दिसत नाही, खाली साचतो,” असं सांगायचे आणि जो विसरेल त्याला बाकावर उभं करायचे. आयर्लंडमधल्या पहिल्याच ऑक्टोबरात मला कुणीतरी बाकावर उभं करायला हवं होतं.

तेव्हा मी अठ्ठावन्नची. कोवळं वय. निवृत्त होऊन लेकीकडे आलेली, अक्कल इमिग्रेशनलाच ठेवून आल्यासारखी. लेक ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर. डब्लिनजवळ समुद्रकाठच्या डून लेरीतल्या एका जुन्या घराच्या, अर्धवट जमिनीखाली असलेल्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहत होतो, आणि वर राहायचा घरमालक, चौऱ्याहत्तर वर्षांचा इटालियन म्हातारा. त्याचं गाव अशा किनाऱ्यावर, जिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. दगडी बांध रचून केलेली पायरीपायरीची शेतं, त्यांवर द्राक्षवेली, आणि तोल गेला तर माणूस टोपलीसकट पाण्यात. तिथली एक वेल त्यानं मागच्या अंगणातल्या काचघरात जगवली होती. तिची जेमतेम दोन टोपल्या द्राक्षं निघायची. बाकीचे क्रेट पुतण्या गावाहून ट्रकनं पाठवायचा. वाइन व्हायची आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे, फुटपाथखालच्या कोळशाच्या जुन्या खोलीत. चार पायऱ्या खाली, एक ठेंगणं दार. खिडकी नाही.

तुडवलेल्या द्राक्षांचा रस पिंपात गेला की दोनेक दिवसांत आपोआप उकळायला लागतो, खाली जाळ नसताना. भिंतीतून मला तो ऐकू यायचा. बुड, बुड, बुड. पाण्याखालून कुणी बोलतंय असं वाटायचं. रसावर सालींचा जाड थर येतो, तो काठीनं दिवसातून दोनदा खाली दाबावा लागतो. म्हातारा आत दाबायचा तेव्हा त्याची बायको बाहेर बसायची. ती त्या वर्षी उन्हाळ्यात गेली होती.

एका दुपारी तो दोर आणि मेणबत्ती घेऊन आमच्या दारात.

“टीचर, माझी राखण कराल?”

“कुणापासून?”

“खोलीपासून.”

मेणबत्ती खालच्या पायरीवर लावायची. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. “मेणबत्ती विझली की ओढायचं. विचार करायचा नाही. आत यायचं नाही.” मी हसू दाबलं. मनात म्हटलं, असेल बापड्यांच्यात रीत, आपण नाही का तिन्हीसांजेला दिवा लावत! विज्ञानाची बाई ना मी. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून मोठ्या मनानं दोर धरला.

दुसऱ्या दिवशी खालच्या पायरीवर मेलेली चिलटं पडली होती, मोहरी सांडल्यासारखी. तिसऱ्या दिवशी उंदीर, दाराबाहेर तोंड करून. बाईंनी काय केलं? झाडू आणला आणि पायरी लख्ख केली.

चौथ्या दिवशी समुद्रावरून धुकं आलं आणि वारा पडला. या गावात वारा नसणंच विचित्र. रेलिंगवर वाळत घातलेला टॉवेलसुद्धा हलत नव्हता. म्हातारा आत गेला. मी वरच्या पायरीवर लसूण सोलत बसले. दोर हातात धरून लसूण कसा सोलायचा? म्हणून तो रेलिंगला बांधला होता.

ज्योत बारीक झाली, वातीपासून सुटून किंचित वर उचलली गेली आणि नाहीशी झाली. धूर वर चढला नाही. पायरीवर आडवा पसरला.

आणि बत्तीस वर्षांच्या विज्ञानशिक्षिकेच्या मनात काय आलं? लेकीला काहीतरी झालं! दिवा असा डोळ्यांदेखत गेला, म्हणजे माझ्या पोरीचं काही खरं नाही. लसूण फेकून मी घरात धावले आणि फोन लावला.

“अगं, बरी आहेस ना?”

“आई, मी ड्यूटीवर आहे. काय झालं?”

“काही नाही गं. मेणबत्ती विझली.”

“कसली मेणबत्ती?”

“वाइनच्या खोलीतली. वारा नाही, काही नाही, आपली विझली.”

 मग तिनं थेट माझ्याच वर्गातल्या आवाजात विचारलं, “आई, वरचे आजोबा कुठे आहेत?”

भिंतीतून बुडबुड येत होती, तोच माझा चंचुपात्रातला वायू. काठीचा आवाज येत नव्हता.

“आत जाऊ नकोस! मी अँब्युलन्स पाठवते,” ती ओरडत होती. मी बाहेर. गाठ माझीच, तीच सुटेना. तशीच दोर ओढायला लागले. पलीकडे नुसतं ओझं. फुटपाथवरून पोस्टमननं इथल्या सवयीनं खुशाली विचारली, “ऑल ग्रँड?”

“नॉट ग्रँड! ओढ!” मी मराठीतच किंचाळले. त्याला कळलं.

आधी दारातून टोपी आली, मग जांभळा चेहरा, ओठांना साल चिकटलेली. फुटपाथवर त्याला आडवं केलं. धुकं आमच्यावरून जात राहिलं. मग त्याच्या घशात एक घरघर झाली, आणि दुसरी.

तो हॉस्पिटलातून घरी आल्यावर मी खीर घेऊन वर गेले. माफीची वाक्यं पाठ केली होती. त्यानं वाटी बाजूला ठेवली.

“दहा वर्षांचा असताना मी थोरल्या भावाचा दोर धरला होता,” तो म्हणाला. “खाली होडी आली. ती बघायला गेलो. दोर बांधून.”

मी खिरीची वाटी उचलून परत त्याच्या हातात दिली.

याला तेरा वर्षं झाली. लेक आता नास नावाच्या गावात राहते, नात इंग्रजीतून माझी टिंगल करते, आणि दर ऑक्टोबरात मी ‘समुद्राची हवा खायला’ म्हणून डून लेरीला येते. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांना आता पायऱ्या झेपत नाहीत, पिंपही सोडवत नाही. म्हणून दोन वर्षं झाली, आत मी जाते. लेकीला हे ठाऊक नाही. तिला मराठी वाचायला सवड नसते, तेवढीच माझी सोय.

दोर माझ्या कमरेला, टोक त्याच्या हातात. बांधायचं नाही, हे दोघांनाही सांगावं लागत नाही. मी दहादा काठी दाबते आणि हाक मारते, “मालक!” वरून येतं, “टीचर!”

परवा आलं नाही.

वळून पाहिलं. खालच्या पायरीवर मेणबत्ती जळत होती, बारीक. वरच्या पायरीवर म्हाताऱ्याची हनुवटी छातीवर टेकली होती, आणि दोर त्याच्या मांडीवरून हळूहळू घसरत होता.